समोर झाडं, पुढे आखूड धावपट्टी : छोटं विमान सुरक्षित कसं उतरवायचं

नाशिकमधून पायलट व्हायला निघालेली मुलंमुली सल्ला विचारायला येतात, तेव्हा पहिली भेट मी गोल्फ क्लब मैदानावर ठेवतो. सकाळी साडेसहाला, जॉगिंग ट्रॅकच्या गर्दीतून जरा बाजूला घेऊन त्यांना सरळ रेषेत चाळीस पावलं चालायला लावतो आणि मग मागे वळून बघायला सांगतो. चाळीस पावलं म्हणजे साधारण तीस मीटर. उतरताना ६० नॉट (ताशी सुमारे १११ किलोमीटर) वेगात असलेलं विमान एवढं अंतर एका सेकंदात कापतं. अशीच आलेली एक मुलगी बराच वेळ त्या अंतराकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे मी तीन सेकंद नुसती तरंगत राहिले, तर अशी तीन अंतरं गेली?" गेली, आणि ती परत मिळत नाहीत.

अडथळ्यावरून येऊन आखूड धावपट्टीवर उतरणं म्हणजे हाताची कमाल, असं नव्या मुलांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. यातलं बहुतेक काम आदल्या दिवशी पेन्सिल-कागद घेऊन होतं, उरलेलं जमिनीपासून ५०० फुटांच्या वर होतं. चाकं टेकायच्या क्षणी करण्यासारखं फार थोडं शिल्लक असतं. नाशिकजवळच्या ओझर विमानतळासारख्या तीन किलोमीटरच्या धावपट्टीवर दहा नॉट जास्त वेगाने आलात तरी पुढे भरपूर जागा असते, त्यामुळे चूक कळतच नाही आणि सवय मात्र लागते. आखूड धावपट्टीवर ती सवय उघडी पडते.

पुढचं सगळं सेसना १७२ एस डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय, कारण आपल्याकडच्या बऱ्याच प्रशिक्षणार्थींच्या हातात १७२ असतं. तुमचं विमान दुसरं असेल तर आकडे त्याच्या पुस्तकातून घ्या. आणि हे वाचून एकट्याने करून बघू नका. शेजारच्या सीटवर इन्स्ट्रक्टर हवाच, आणि उतरायच्या जागेची रीतसर परवानगीही हवी.

आदल्या दिवशी, कागदावर

विमानाच्या पुस्तकात लँडिंगच्या अंतराचं कोष्टक असतं. त्यात दोन आकडे असतात. एक, चाकं टेकल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर. दुसरा, ५० फूट उंचीच्या अडथळ्यावर असल्यापासून थांबेपर्यंतचं एकूण अंतर. १७२ एसचे समुद्रसपाटीवरचे, १५ अंश तापमानाचे आकडे आहेत ५७५ फूट आणि १,३३५ फूट. म्हणजे निम्म्याहून जास्त अंतर हवेतच जातं. ब्रेक कसे लावायचे यावर मुलं तासभर बोलतात आणि हवेतल्या त्या साडेसातशे फुटांबद्दल कुणी विचारत नाही.

कोष्टकाखालची बारीक अक्षरातली टीप वाचा. हे आकडे पूर्ण फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या पट्ट्या), बंद थ्रॉटल (इंजिनची शक्ती कमीजास्त करणारा दांडा), कोरडी आणि सपाट डांबरी धावपट्टी, वारा शून्य आणि जास्तीत जास्त ब्रेक यांसाठी आहेत. समोरून ९ नॉट वारा असेल तर अंतर १० टक्क्यांनी घटतं. पाठीमागून वारा असेल तर फक्त २ नॉटला १० टक्के वाढतं. हा फरक विसरू नका. कोरड्या गवताची धावपट्टी असेल तर जमिनीवरच्या धावेत तिच्या ४५ टक्के भर घालायची. फ्लॅप उतरलेच नाहीत तर वेग ९ नॉट जास्त आणि अंतर ३५ टक्के जास्त.

शिवाय हे आकडे नव्या विमानाचे, नव्या ब्रेकचे आणि सरावलेल्या टेस्ट पायलटचे. आपलं विमान हजारो तास उडालेलं असतं. ब्रिटनचं नागरी हवाई प्राधिकरण छोट्या विमानांच्या पायलटना लँडिंगच्या आकड्याला १.४३ ने गुणायला सांगतं. मी तेच करतो. त्यानंतर येणारं अंतर धावपट्टीत बसत नसेल तर तिथे जायचं नाही.

आता नाशिकची हवा. आपण समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फुटांवर राहतो. त्या उंचीवर प्रमाण तापमान ११ अंश धरलं जातं. मे महिन्यातल्या दुपारी पारा ३८ वर असतो, म्हणजे २७ अंश जास्त. प्रत्येक अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने विमानाला ती हवा ५,२०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ वाटते. उतरताना एअरस्पीड इंडिकेटरवर, म्हणजे वेगाच्या काट्यावर, ६१ नॉट दिसतात तेव्हा विमान प्रत्यक्षात हवेतून ६६ नॉटने चाललेलं असतं. काट्यावरचा वेग मात्र तोच ठेवायचा. 'हवा विरळ आहे, म्हणून जरा जास्त वेग ठेवला' हे मी अनेकदा ऐकलंय, आणि ते चूक आहे. स्टॉल होताना, म्हणजे पंखांची उचल तुटून विमान खचताना, काट्यावर दिसणारा वेग उंचीने बदलत नाही. जास्तीचा वेग नुसती धावपट्टी खातो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. धावपट्टी ७५० मीटर. सुरुवातीच्या कडेपासून १०० मीटर अलीकडे निलगिरीची रांग, १५ मीटर उंच, म्हणजे साधारण पाच मजली इमारतीएवढी. उंची आणि तापमान नाशिकचं, मे महिन्यातलं. वारा शांत.

झाडांना घासून जायचं नाही, शेंड्यावर निदान ३० फूट मोकळे हवेत. म्हणजे झाडांवर चाकं जमिनीपासून ८० फुटांवर. नेहमीच्या तीन अंशांच्या उताराने आलात, तर तिथून जमिनीला भिडायला ४६५ मीटर लागतात, म्हणजे धावपट्टीचे ३६५ मीटर गेले. साडेचार अंशांनी आलात तर ३१० मीटर लागतात, धावपट्टीचे २१० गेले. म्हणून अडथळा असेल तर जरा उभा उतार घ्यायचा. साडेचार अंशांच्या हिशेबाने पुढे जाऊ. फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून उतार मोडताना, ६५ मीटर धरा, चाकं २७५ मीटरवर टेकतात. थांबायला या हवेत साधारण २०५ मीटर. म्हणजे ४८० वर थांबलो, २७० मीटर शिल्लक.

छान वाटतंय ना? आता वेग फक्त पाच नॉट जास्त ठेवा. विमान तीन-साडेतीन सेकंद तरंगतं, १०० मीटर गेले. वेगाच्या वर्गाप्रमाणे थांबायचं अंतर वाढतं, २०५ चे २४० झाले. आता आपण ६१५ वर थांबतो. त्यात पाठीमागून चार नॉट वारा येऊ द्या, जो विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) नीट न बघितल्याने सहज निसटतो. झाडांपासूनचं एकूण अंतर २० टक्क्यांनी वाढतं आणि थांबायची जागा ७५० मीटरच्या पलीकडे, शेतात जाते. दोन छोट्या चुका, आणि दोन्ही चाकं टेकायच्या आधीच्या.

हा हिशेब स्वतःच्या धावपट्टीसाठी, स्वतःच्या हाताने, कागदावर चित्र काढून करा. त्या कागदावर तीन जागांवर खुणा करा : झाडं, चाकं टेकायला हवीत ती जागा, आणि 'इथपर्यंत टेकली नाहीत तर थ्रॉटल पुढे' ती जागा. शेवटची खूण ओळखू येईल अशा एखाद्या वस्तूशी जोडा, एखादी झोपडी, विंडसॉकचा खांब, टॅक्सीवेचं (धावपट्टीला जोडणाऱ्या रस्त्याचं) तोंड.

आधी वरून बघा

पोहोचल्यावर थेट उतरायला जाऊ नका. धावपट्टीवरून सुरक्षित उंचीने एक चक्कर मारा. विंडसॉक बघा. नसेल तर शेकोटीचा धूर, पिकांवरून धावणाऱ्या लाटा, शेततळ्यातल्या पाण्याची सुरकुती बघा. शेततळ्याच्या ज्या काठाजवळचं पाणी गुळगुळीत असतं, त्या काठाकडून वारा येतो.

तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. आपल्या भागात द्राक्षबागा आणि पंपांच्या जोडण्यांमुळे विजेचे खांब कुठेही निघतात, कधी धावपट्टीच्या तोंडाशीच. दोन खांब एका रेषेत दिसले की मधे तार आहे असंच धरायचं. द्राक्षबागांवरचं प्लास्टिक उन्हात चकाकतं, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ते डोळ्यांवर आलं तर धावपट्टीची कड हरवते. नांगरट चालू असलेल्या शेताजवळ गायबगळे असणार, कचऱ्याच्या ढिगाऱ्यावर घारी. संक्रांतीच्या दिवसांत येवल्याकडे पतंगांचं आकाश असतं, तेही लक्षात ठेवा.

परतायची वाट इथेच ठरवा. उतरणं जमलं नाही तर कुठे वळायचं? डोंगराकडे नाही. पश्चिमेचा जोरदार वारा असताना अंजनेरी-ब्रह्मगिरीच्या पूर्वेला हवा खाली बसते, आणि उन्हाळ्यात जेमतेम चढणाऱ्या विमानाला ती बसणारी हवा पेलत नाही. मोकळं रान ज्या बाजूला, वळण त्या बाजूला.

वेग आणि उतार

पुस्तकात आखूड धावपट्टीसाठी जो वेग दिलाय तो घ्या. १७२ एसला पूर्ण ३० अंश फ्लॅपसह ६१ नॉट. पुस्तक हाताशी नसेल तर स्टॉलच्या वेगाच्या १.३ पट, असं शिकवलं जातं, पण इथे एक खड्डा आहे. १७२ एसच्या काट्यावर फ्लॅपसह स्टॉल ४० नॉटला दिसतो. त्याला १.३ ने गुणून मुलं ५२ काढतात. फार कमी वेगात काटा कमी दाखवतो. काट्याची ती चूक दुरुस्त केली तर स्टॉलचा वेग ४८ नॉट, त्याचे १.३ पट ६२, आणि तोच काट्यावर साधारण ६१. ५२ नॉटने आलात तर झाडांवर पोहोचताना हातात काहीच राखीव नसतं.

६१ हा आकडा पूर्ण वजनाचा आहे. विमानात दोघंच असाल आणि इंधन कमी असेल, तर तोच वेग जास्त ठरतो आणि विमान तरंगतं. वजन २० टक्के कमी, तर वेग साधारण १० टक्के कमी, असं गणित आहे. ते किती वापरायचं हे इन्स्ट्रक्टरशी बोलून ठरवा. वारा झोतांनी येत असेल तर झोताच्या फरकाचा निम्मा भाग वेगात मिळवा. वारा १० आणि झोत १८ असेल तर ४ नॉट. पण मग ते ४ नॉट कागदावरच्या अंतरातही मिळवा.

बेसवरून (धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलवर (धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) वळताना रेषेच्या पुढे निघून गेलात, तर तिरपं करून विमान खेचू नका. तीस अंशांच्या कलात स्टॉलचा वेग ७ टक्क्यांनी वाढतो, ४५ अंशांत १९ टक्क्यांनी. त्यात पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून नाक आत ओढलं की कमी उंचीवर विमान फिरकी घेतं, आणि तिथून सावरायला उंची नसते. रेषा चुकली तर सरळ वर जा, पुन्हा या.

फायनल लांब ठेवा. ५०० फुटांवर असताना चार गोष्टी जागेवर हव्यात : फ्लॅप पूर्ण, वेग ठरलेल्या आकड्यावर, ट्रिम (योकवरचा हाताचा जोर हलका करणारी सोय) इतका नीट की हात सैल सोडला तरी वेग बदलत नाही, आणि लक्ष्यबिंदू काचेवर स्थिर. एक जरी नसेल तर त्याच क्षणी परत. 'पुढे जमवून घेईन' असं मनात आलं की तेच परत फिरण्याचं कारण समजा.

लक्ष्यबिंदू ही टेकायची जागा नव्हे. तुम्ही जिथे रोखलंय, त्याच्या पुढे साठ-सत्तर मीटरवर चाकं टेकतात. तो बिंदू काचेवर खाली सरकू लागला तर तुम्ही पुढे जाऊन पडणार, वर सरकू लागला तर अलीकडे. झाडांसाठीही हीच युक्ती. शेंड्यांच्या मागे धावपट्टीचा जास्त जास्त भाग उघडा होत असेल, तर तुम्ही झाडं ओलांडणार. शेंडे धावपट्टी गिळत असतील, तर नाही. अरुंद धावपट्टी आणि चढाची धावपट्टी दोन्ही 'आपण उंच आहोत' असं भासवतात आणि पायलट नकळत खाली येतो. त्या दोन्ही ठिकाणी डोळ्यांपेक्षा उंचीच्या काट्यावर विश्वास ठेवा.

झाडांच्या पलीकडे

इथे सर्वांत जास्त लक्ष द्या. मी स्वतः शिकत असताना इथेच चुकलो होतो. एप्रिलची दुपार, तीन वाजलेले, समोर कडुनिंबाची रांग. झाडं चाकांखालून गेली आणि मला हायसं वाटलं. हायसं वाटताच हात आपोआप मागे आला आणि थ्रॉटल पूर्ण बंद झाला. विमान उतरलं नाही, बसलं. मी योक (विमानाचं हँडल) पोटाशी ओढलं, नाक वर आलं, पण खाली जाणं थांबलं नाही, उलट वाढलं. चाकं इतक्या जोरात आपटली की हेडसेट मानेवर आला. इंजिन बंद केल्यावर इन्स्ट्रक्टर पाच मिनिटं बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "झाडं संपली होती, लँडिंग संपलं नव्हतं." मेकॅनिकने नंतर चाकांचे पाय, टायर, फायरवॉल (इंजिनमागची भिंत) सगळं तपासलं. काही मोडलं नव्हतं. मी मात्र आठवडाभर नीट झोपलो नव्हतो.

असं का होतं? पूर्ण फ्लॅप आणि कमी वेगात विमानाला मागे खेचणारी हवेची ओढ फार असते, आणि त्या उतारावर त्याला इंजिनच्या थोड्या शक्तीने तोलून धरलेलं असतं. ती शक्ती एकदम काढली तर वेग पडतो आणि विमान खचतं. नाक वर ओढून ओढ आणखी वाढते. त्यात झाडांच्या आडोशाला समोरचा वारा अचानक मंदावतो. शेंड्यांवर १० नॉट वारा असेल आणि आडोशाला ४ च, तर काट्यावरचा वेग एका क्षणात सहा नॉटने घसरतो.

म्हणून झाडं ओलांडल्यावर थ्रॉटल हळूहळू, मोजून मागे घ्यायचा, आणि त्याच वेळी नाक किंचित खाली करून ६१ नॉट धरून ठेवायचे. वेग घसरताना दिसला तर थ्रॉटल तिथेच थांबवा, गरज पडली तर थोडा पुढे द्या. हात थ्रॉटलवरून काढू नका. उलट चूकही होते. काही जण झाडं गेली म्हणून नाक खाली घालून धावपट्टीकडे झेपावतात. वेग ७० होतो आणि पूर्ण धावपट्टीभर विमान जमिनीला शिवत नाही. झाडांच्या अलीकडे जो उतार होता, तोच पलीकडे.

परत फिरायचं असेल तर

परत फिरण्याचा निर्णय झाडांच्या अलीकडे घ्या. पूर्ण फ्लॅप, ३८ अंशांची हवा आणि विरळ हवेत दमलेलं इंजिन घेऊन चढणं फार मंद असतं. झाडांच्या पलीकडे निर्णय घेतलात तर धावपट्टीच्या दुसऱ्या टोकाला काय आहे यावर सगळं अवलंबून राहतं. म्हणूनच कागदावरची तिसरी खूण.

क्रम असा : थ्रॉटल पूर्ण पुढे, फ्लॅप लगेच २० अंशांवर, वेग ६० नॉट. अडथळे ओलांडेपर्यंत फ्लॅप १० अंशांवर. पुरेशी उंची आणि ६० नॉट वेग मिळाला की मग शून्य. ट्रिम उतरण्यासाठी लावलेला असतो, त्यामुळे पूर्ण शक्ती देताच नाक स्वतःहून वर जातं. हाताने पुढे दाबून धरावं लागतं, आणि त्याला बराच जोर लागतो. हे आधी उंचीवर, तीन-चार हजार फुटांवर करून बघा, म्हणजे हाताला तो जोर ओळखीचा होईल. मिक्स्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) विचार डाउनविंडवरच, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने उडतानाच करा. एवढ्या विरळ हवेत पूर्ण रिच (जास्तीत जास्त इंधनाच्या) मिक्स्चरने इंजिन पूर्ण शक्ती देत नाही. तुमच्या पुस्तकात काय सांगितलंय ते पाहून ठेवा.

चाकं टेकल्यावर

फ्लेअर छोटा. स्टॉल वॉर्निंगची शिट्टी कुईं करत असताना मुख्य चाकं टेकली तर वेग बरोबर होता. मऊ लँडिंगच्या मोहात धावपट्टी घालवू नका, इथे जरा घट्ट टेकलेलंच बरं. टेकताच नाकचाक खाली, मग ब्रेक जोरात पण टायर न घसटता, योक पूर्ण मागे आणि फ्लॅप शून्य, म्हणजे पंखांवरचा भार चाकांवर येतो. ज्या विमानात चाकं आत घेण्याचा लिव्हर आहे, तिथे फ्लॅपला हात घालण्याआधी विमान थांबू द्या.

पावसाळ्यात साठलेल्या पाण्यावर टायर तरंगतो. टायरमधल्या हवेच्या पीएसआय या एककातल्या दाबाचं वर्गमूळ गुणिले ९, इतक्या नॉटला ते सुरू होतं. १७२ एसच्या मुख्य टायरमध्ये ४२ पीएसआय हवी, म्हणजे ५८ नॉट. हवा उतरून ३० वर आली असेल तर ४९. आपण टेकतो साधारण त्याच वेगात. म्हणून पावसाळ्यात उड्डाणाआधी टायरची हवा गेजने मोजा. लाथ मारून बघू नका.

आणि निघायचं कसं?

विमान थांबलं की लगेच निघायची घाई नको. समुद्रसपाटीवर १७२ एसला ५० फुटांचा अडथळा ओलांडून थांबायला १,३३५ फूट पुरतात, पण उडून तोच अडथळा ओलांडायला १,६३० लागतात, आणि उंची-उष्णतेने टेकऑफचा आकडा लँडिंगपेक्षा झपाट्याने वाढतो. जिथे उतरता येतं तिथून उडता येईलच असं नाही. हा हिशेबही आदल्या दिवशीच्याच कागदावर हवा. दुपारी आकडा बसत नसेल तर विमान बांधून ठेवा, जवळच्या गावात मुक्काम करा. मे महिन्यातही पहाटे साडेसहाला पारा साधारण २२-२३ वर असतो, आणि तीच धावपट्टी विमानाला ५,२०० ऐवजी ३,४०० फुटांवरची वाटते.